बाटलीवरचा आंबा

पुड्यावरचं चित्र खोटं असलं की निजामचाचांचं डोकं फिरायचं, आणि हे काही आजचं नाही. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी चिखलीतला एक शेवयावाला त्यांच्याकडे आला होता. पुड्यावर काजू-बदाम काढा म्हणाला. चाचांनी ब्रश पाण्यात बुडवून ठेवला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "आत आहेत का बदाम?" तो हसला. म्हणाला, आत कशाले लागतात, चित्रच तं आहे. चाचांनी त्याला दुकानाच्या पायरीपर्यंत स्वतः सोडलं. "आत घाल, मंग बाहेर काढतो," एवढंच बोलले. शेवयावाल्याने दुसरा पेंटर गाठला, आणि चाचांनी पुढची दहा वर्षं त्याच्या घरच्या लग्नाच्या पत्रिकांनाही हात लावला नाही.

हट्टी म्हणा, तिरसट म्हणा. पण त्या हट्टामागे एक साधी गोष्ट होती. चाचा ज्या काळात छाप, म्हणजे मालावरची चित्रं, काढत होते, त्या काळात अर्धं गिऱ्हाईक अक्षर वाचत नव्हतं. खेड्यातून बाजाराला आलेली बाई दुकानदाराला नाव सांगायची नाही. पोपटाची चहापत्ती द्या म्हणायची, दोन बैलांचा साबण द्या म्हणायची. तो पोपट चाचांचा, ते बैलही चाचांचेच. जाड पांढऱ्या कार्डावर पोस्टर कलरने चित्र काढायचं, अकोल्याच्या प्रेसला पाठवायचं, आणि मग ते चित्र पार सोनाळ्यापर्यंत दुकानांच्या फळ्यांवर जाऊन बसायचं. त्या बाईचा सगळा भरवसा त्या चित्रावर असायचा. तिला दुसरं काही वाचताच येत नव्हतं, तर ती करणार काय?

म्हणून खाण्याच्या वस्तूवर खाण्याचं चित्र, आणि विषारी वस्तूवर असं चित्र की पोरगंही लांब राहील, हा चाचांचा कायदा होता. उंदराच्या औषधावर त्यांनी उताणा पडलेला उंदीर काढला होता, चारी पाय वर. फिनाईलच्या बाटलीवर काळी बादली आणि खराटा. छापखान्यातला माणूस म्हणाला होता, किती घाण दिसते ही बाटली. चाचा म्हणाले, दिसलीच पाहिजे.

मग कॉम्प्युटर आला. फ्लेक्स आला. चाचांच्या दुकानात आधी रंगाचे डबे वाळले, मग ब्रशचे केस झडले. शेवटी जीपच्या मागे नावं लिहिण्याचं आणि गाड्यांच्या नंबरप्लेटचं काम उरलं. त्याबद्दल त्यांनी कधी रडगाणं गायलं नाही. पण पाच वर्षं कुणी एक साधा पेरू काढायला सांगितला नाही, हे त्यांच्या आतून गेलं नव्हतं. ते त्यांच्या बायकोला, सरवरीला, ठाऊक होतं. ज्ञानेश्वरला ठाऊक नव्हतं, पण त्याने नेमका तिथेच हात घातला.

ज्ञानेश्वर म्हणजे भगवानरावांचा मुलगा. भगवानराव म्हणजे चाचांचा जुना दोस्त. घरचं मोठं शेत, दोघांचे बापही एकमेकांचे दोस्त. दरवर्षी रमजानला भगवानरावांच्या घरून चाचांकडे एक खोकं यायचं. खजूर, केळी आणि शरबताच्या चार बाटल्या. ईदला चाचांच्या घरून शीरखुर्म्याचा डबा तिकडे जायचा. यात कधी खंड पडला नव्हता.

या ज्ञानेश्वरने एमआयडीसीत फरशी पुसायच्या औषधाचा कारखाना टाकला. दोन वर्षं पुण्यात राहून आला होता, तिथली भाषा तोंडात बसली होती. एक दिवस पंचवीस रिकाम्या बाटल्या घेऊन दुकानात आला आणि टेबलावर मांडल्या. स्वच्छ पारदर्शक बाटल्या, मान बारीक, पोट गोल.

"चाचा, आता ते भडक लाल-पिवळं कोणाले नाही पाहिजे," तो म्हणाला. "आता सगळं मोकळं-मोकळं. पांढरी जागा जास्त, अक्षर कमी. अन् हातानं काढलेलं चित्र! कॉम्प्युटरचं नाही चालत आता. लोकायले हाताचं पाहिजे. पुण्याची डिझाईनवाली म्हणे, असा माणूस शोधा. मी म्हणलं, माह्या घरचा माणूस आहे."

हाताचं पाहिजे! चाचांनी ते वाक्य दोनदा म्हणायला लावलं. ज्या जमान्याने त्यांना अडगळीत टाकलं, त्याच जमान्याची फॅशन फिरून त्यांच्या दारात आली होती. भल्या माणसाचं डोकंही अशा वेळी जरा सैल होतं.

"काय काढू मंग?"

"आंबा."

चाचांनी चष्मा कपाळावर चढवला. "फिनाईलवर आंबा? काऊन बाप्पा?"

"फिनाईल नाही हो चाचा. आंब्याच्या वासाचा फ्लोअर वॉश आहे. रंगबी आंब्याचा. आता चित्र मालाचं नसते, वासाचं असते. बाजारात जाऊन पाहा नं, भांड्याच्या साबणावर लिंबू, शाम्पूवर स्ट्रॉबेरी, हात धुवाले पीच. कोण काढते आता बादली?"

"मी काढतो," चाचा म्हणाले. "आंब्याच्या बाजूले एक बादली काढतो. लहान."

ज्ञानेश्वरने तिथूनच पुण्याला फोन लावला. मयुरी नावाची कुणी मुलगी होती, तीच डिझाईनवाली. गोड आवाजात बोलली. सर, बादली आली की प्रीमियम फील जातो, म्हणाली. गिऱ्हाईक बाटली सिंकखाली लपवून ठेवतं. आपल्याला ती ओट्यावर दिमाखात उभी राहायला हवी. चाचांना अर्धं कळलं, अर्धं नाही. पण 'सर' कळलं. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कुणी सर म्हटलं होतं.

आणि त्यांनी तो आंबा काढला. आता कितीही दात-ओठ खाल्ले तरी हे खोडता येत नाही. शेवयावाल्याला पायरी दाखवणाऱ्या माणसाने आठ दिवस खपून आयुष्यातला सगळ्यात सुंदर आंबा काढला. देठाजवळ चिकाचा एक थेंब, गालावर उन्हाची लाली, खाली दोन पानं. सरवरी म्हणाली, हात लावला तर बोट पिवळं होईल. चाचा हसले होते. बादली त्यांनी काढली नाही.

खोकं आलं ते रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी.

चाचा दुकानात होते. ज्ञानेश्वरने ड्रायव्हरच्या हाती नेहमीसारखा खजूर पाठवला, केळी पाठवली, आणि पहिल्या मालातल्या सहा बाटल्याही त्याच खोक्यात घातल्या. चाचांना आपलं काम पाहून आनंद होईल, असं त्याला वाटलं. घरी सांगणं, एक फोन करणं, बाटल्या वेगळ्या पिशवीत घालणं, यातलं काही त्याला सुचलं नाही. ड्रायव्हर दारात म्हणाला, "भगवानरावाकडून आलं." झालं. सरवरीने दुवा दिली आणि खोकं आत घेतलं.

त्या दिवशी घरात गडबड होती. नात मुबीना नऊ वर्षांची, तिचा पहिला रोजा होता. पहिला रोजा म्हणजे लहानसं लग्नच. नवा ड्रेस, गळ्यात फुलांचा हार, नातेवाईक, शेजारीपाजारी. पोरगी पहाटे सहरीच्या जेवणाला उठली ती उठलीच. दुपारी उन्हाने ओठ वाळले, तरी आई राबिया विचारायला गेली की तोंड फिरवायची. "मी नाही तोडत रोजा. दादाले सांगितलं मी." दादा म्हणजे तिचे आजोबा, आपले चाचा.

सरवरी उर्दू वाचते. मराठी तिला बसच्या पाटीपुरती येते. तिने बाटली काढली, पाहिली. आंबा. आत आंब्याच्याच रंगाचं पाणी. पुढे मोठ्या अक्षरात 'आमराई'. खाली इंग्रजीत बारीक काहीतरी. आणि मागे एक चित्र, झाकणाचं आणि पाण्याच्या थेंबाचं, म्हणजे एक झाकण पाण्यात टाका. शरबतही तसंच करतात. दरवर्षी भगवानरावांकडून शरबतच येतं, यंदा नव्या बाटलीत आलं, एवढाच तिला फरक दिसला. तिने मोठ्या जगमध्ये साखर घातली, बर्फ घातला, रंग चढेना म्हणून सढळ हाताने अर्धी बाटली ओतली आणि ढवळलं. वास आंब्याचा आला. फेस आला. आंब्याचा असेल, असं तिला वाटलं.

चाखून कोण बघणार? घरात सगळ्यांचा रोजा. रमजानमध्ये भाजीचं मीठसुद्धा अंदाजानेच पडतं.

चाचा संध्याकाळच्या अजानच्या जरा आधी घरी पोचले, हातपाय धुऊन जेवणाच्या चादरीवर, दस्तरखानावर बसले. शरबताचा जग समोर होता, बाटली स्वयंपाकघरात. अजान झाली. पहिला मान मुबीनाचा. आजोबांनी तिला स्वतःच्या हाताने खजूर भरवला आणि स्वतःच्या हाताने पेला दिला. मोठ्यांचे खजूर अजून तोंडात होते, कुणी दुवा पुटपुटत होतं. दिवसभर कोरडी पडलेली पोरगी. तिने पेला दोन्ही हातांनी धरला आणि थांबली नाही. अर्धा पेला एका दमात गेला.

मग पेला खाली पडला. तिने गळा धरला. ओरडायला तोंड उघडलं तर आवाजाऐवजी फेस आला.

चाचा धावले ते स्वयंपाकघरात. काय दिलं, काय दिलं, म्हणत. ओट्यावर बाटली उभी होती, दिमाखात. त्यांचा आंबा त्यांच्याकडे तोंड करून होता.

मुलगा मतीनने मोटारसायकल काढली, पोरीला मध्ये घेऊन राबिया मागे बसली. चाचा बाटली घेऊन मागोमाग निघाले. आधी चिखलीचा दवाखाना, तिथून बुलढाणा. डॉक्टर म्हणाले बाटली आणली का, ते बरं केलं. म्हणाले घसा आणि अन्ननलिका भाजली आहे, वाचेल, पण वेळ लागेल. त्या एका 'वाचेल' शब्दाखाली चाचा रात्रभर बसून होते. सकाळी उठले ते सरळ एमआयडीसीत गेले.

ज्ञानेश्वरला बातमी कळली होती. चेहरा उतरला होता, नाही असं नाही. पण तोंडातून पहिलं वाक्य निघालं ते असं: "चाचा, मागं लिहिलं आहे नं. पिण्यासाठी नाही म्हणून."

"दाखव."

"चाचा, बसा तं आधी..."

"दाखव मले!" चाचांनी बाटली त्याच्या छातीला लावली. "तुले डोळे आहेत, शिकेल आहेस. दाखव कुठं लिहिलं आहे."

ज्ञानेश्वरने बाटली फिरवली. पुन्हा फिरवली. खिडकीकडे नेली. पांढऱ्या जागेत फिकट राखाडी अक्षरं होती, मुंगीच्या पायाएवढी. त्याच्याखाली मोबाईलने वाचायचा चौकोन, आणि अधिक माहितीसाठी स्कॅन करा.

"माह्या घरचीनं इफ्तारच्या वक्ताले मोबाईल धरायचा होता का बाटलीवर?" चाचांचा आवाज बाहेरच्या कामगारांपर्यंत गेला. "जिले वाचता येत नाही तिले तू सांगतो मागं लिहिलं आहे? अन् पुढं काय सांगून राह्यला? पुढं सांगून राह्यला, हा आंबा आहे, खा! तो तं दिसते नं सगळ्यायले! पिऊ नका हे मुंगीएवढं, अन् आंबा हा एवढा?"

"पुढच्या मालाले मोठं करतो अक्षर. पण चाचा, हे लेबल छापून आलं आहे. वीस हजार. दुकानात गेलं आहे. सोनाळ्यापासून रोहिणखेडपर्यंत गेलं. हे तं संपू द्या."

संपू द्या! भाजलेल्या घशाच्या पोरीला बुलढाण्यात ठेवून आलेल्या माणसाला हा म्हणतो, संपू द्या. म्हणजे अजून किती घरांत संपू द्यायचं? चाचांनी हात उगारला होता. तो हात त्यांनी खाली घेतला, कारण त्याच हाताने आंबा काढला होता, आणि त्यांना आधी कुणाला मारावं ते कळेना.

दुकानात आले. लाल एनॅमलचा डबा फोडला, सर्वांत जाड ब्रश घेतला आणि बाजारात निघाले.

पहिलं दुकान वामनरावांचं. चाचांनी न विचारता फळीवरच्या बाटल्या काउंटरवर ओढल्या आणि आंब्यावरून लाल फुली मारायला सुरुवात केली. एक रेघ इकडून, एक तिकडून. वामनराव गल्ल्यावरून उठले.

"चाचा! माल खराब करून राह्यले तुम्ही माह्या दुकानातला!"

"खराबच आहे. मी फकस्त दाखवून राह्यलो."

"अहो पण चित्र तं तुमचंच आहे हे!"

"म्हणूनच!" चाचा ओरडले, आणि ब्रश हातातून सुटून काउंटरवर पडला. "माहं आहे म्हणूनच! दुसऱ्या कोणाचं असतं तं मी त्याच्या घरी जाऊन त्याचे हात तोडले असते. माहे मी कसे तोडू, सांगा!"

वामनरावांना मुबीनाचं कळलं नव्हतं. चाचांनी ते सांगितलं. तसे वामनराव आतल्या खोलीत गेले आणि न फोडलेला पूर्ण खोका उचलून आणला. सगळेच दुकानदार वामनराव नसतात. एकाने चाचांना दंडाला धरून बाहेर काढलं. एकाने विचारलं, याचे पैसे कोण देणार. एक शहाणा म्हणाला, एवढं होतं तर बायकोला शिकवायचं होतं. त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर लाल रंग कसा उडाला हे चाचांना अजून सांगता येत नाही, आणि त्यांना त्याचं वाईटही वाटत नाही.

दुपारी ज्ञानेश्वरचा फोन आला, पोलिसात जाईन म्हणून. चाचा म्हणाले, जा, येताना त्यायलेबी एक-एक बाटली घेऊन ये, उन्हाचे तहानलेले असतीन.

संध्याकाळच्या सुमाराला पोलीस आले नाहीत, भगवानराव आले. भर बाजारात, चाचा पाचव्या दुकानापुढे खोका घेऊन बसले होते तिथे. म्हातारा माणूस, काठी टेकत आला. चाचांनी मान वर केली नाही.

"निजाम, मले काही सांगितलं नव्हतं रे पोट्ट्यानं. माह्या नावानं गेलं ते खोकं."

"म्हणून तं आत घेतलं," चाचा म्हणाले. "तुह्या नावाचं होतं म्हणून कोणी बाटलीचा नीट वासबी घेतला नाही. दुसऱ्या कोणाचं असतं तं माही बायको दहा वेळा विचारती."

भगवानरावांचे ओठ हलले. माफी मागत असतील. चाचांनी ती ऐकली नाही, आणि ऐकायची त्यांची तयारीही नव्हती. दोस्तीच्या पन्नास वर्षांत त्यांनी भगवानरावांना बसायला जागा दिली नाही, असं त्या दिवशी पहिल्यांदा घडलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्याची गाडी फिरली. भगवानरावांनी स्वतः पुढच्या सीटवर बसून गावोगावचा माल परत आणवला. ज्ञानेश्वरने तो आणू दिला, पण बाजारात चार लोकांत तो म्हणालाच, की म्हाताऱ्यांच्या भावनेवर धंदा चालत नाही, आणि फळं तर सगळेच छापतात. ते मात्र खरं होतं. चाचा वामनरावांच्या दुकानात पुन्हा गेले तेव्हा 'आमराई'ची जागा रिकामी होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंना लिंबू, संत्री, स्ट्रॉबेरी, सफरचंद तशीच उभी होती. कुणाच्या तरी हातची, कुठल्या तरी शहरातली, रसाने टपटपणारी. धुवायची, पुसायची, घासायची. चाचांनी त्यातलं एक लिंबू पुढे ओढलं आणि परत जागेवर ठेवलं. लाल डबा संपला होता, आणि भरलेला असता तरी पुरला नसता.

पाचव्या दिवशी मुबीना घरी आली. आवाज बसलेला, घोगरा, म्हाताऱ्या बाईसारखा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दर थोड्या वेळाने थंड दूध द्या, थोडं थोडं. दवाखान्यात सलाईन होतं म्हणून चाललं. घरी आल्यावर ती तोंडच उघडेना. राबियाने पेला पुढे केला, तिने ओठ मिटले. सरवरीने केला, तिने मान भिंतीकडे वळवली. सरवरी पदरात तोंड घालून बाहेर गेली. त्या दिवसापासून ती जेवण वाढायची, पण कुणाच्या हातात पेला द्यायची नाही.

चार वाजत आले होते. ऊन दारातून आत आलं होतं. चाचांनी पेला हातात घेतला आणि पोरीच्या खाटेशी बसले.

"दूध आहे बेटा. नुसतं दूध."

मुबीनाने पेल्यात पाहिलं. वाकून वास घेतला. मग आजोबांच्या तोंडाकडे पाहिलं.

"पहिले तुम्ही प्या."

राबिया दारातून म्हणाली, "दादाचा रोजा आहे नं गं. सगळ्यायचाच आहे. तू पी."

"त्या दिवशीबी सगळ्यायचा होता," मुबीना म्हणाली.

चाचांनी दाराकडे पाहिलं नाही, घड्याळाकडे पाहिलं नाही. साठ वर्षांत आजारपणातही न मोडलेला रोजा होता. त्यांनी पेला ओठांना लावला आणि तिला ऐकू जातील असे दोन मोठे घोट घेतले. मिशीवरचं दूध न पुसता त्यांनी पेला तिच्यापुढे धरला.

तिने तो लगेच घेतला नाही. ती त्यांच्या गळ्याकडे बघत राहिली, त्यांना काही होतं का ते पाहत.